उकंडराव सुपातून उतरत नाही

अनसिंगच्या आसपास कोणत्याही गावात मांडव उभा राहिला, मग तो लग्नाचा असो, सप्ताहाचा असो, बुद्ध पौर्णिमेचा असो की ख्रिस्ती मंडळींच्या वार्षिक सभेचा, त्यात एक माणूस हमखास दिसायचा. स्टेजच्या डाव्या अंगाला, ॲम्प्लिफायरच्या पेटीला खेटून, लोखंडी खुर्चीवर बसलेला, एक हात बटणावर आणि दुसरा तंबाखूच्या डबीवर. हा उकंडराव, मंडप बिछायतवाला. सगळ्या देवांचा आवाज त्याच्याच भोंग्यातून निघायचा, म्हणून कोणत्याच देवावर त्याचा राग नव्हता. राग फक्त दोन जणांवर. एक, माइकवर टिचक्या मारून हॅलो हॅलो करणारा. दुसरा, त्याच्या धुतलेल्या बिछायतीवर चपला घालून चढणारा. अशा माणसाला तो भर कार्यक्रमात, भोंग्यावरून, नाव घेऊन खाली उतरवायचा. आमदार असला तरी.

त्याच्या नावाची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ या नावानंच घातला. उकिरड्याला आपल्याकडे उकंडा म्हणतात. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिला पुढचं झालं की ते सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवायचं. मृत्यूला वाटावं, हे टाकून दिलेलं पोट्टं, हे नेऊन काय करायचं! मग आधीच ठरवून ठेवलेली शेजारीण शेणाची पाटी घेऊन येते, 'माय वं, हे कोणाचं?' म्हणत ते उचलते आणि मूठभर कोंड्याच्या बदल्यात त्याच्याच आईला विकते. मृत्यू फसतो, पोट्टं जगतं आणि जन्मभर उकंडा म्हणून मिरवतं. उकंडरावला उचललं होतं शेजारच्या गुंफाबाईनं. तेव्हापासून ती त्याची गुंफामाय. दर दिवाळीला तो तिला लुगडं नेऊन देई.

त्याचे वडील मरेपर्यंत एकच कौतुक सांगत राहिले. "पोट्टं एवढं शायनं, तोंडातून आवाज म्हणून नाही काढला. सुपात हासून राह्यलं होतं. गुंफाबाई आली, उचललं, बस!" जात्यातले रडतात, सुपातले हसतात, ही म्हण या घरात म्हण म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून सांगितली जायची. उकंडरावच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलं, की आपण काही केलं नाही आणि आपण वाचलो. मोठा आरामशीर विचार आहे हा. एकदा अंगवळणी पडला की माणूस त्यातून उठत नाही.

रुख्मिणी त्याला मांडवातच भेटली. वाशिमच्या ख्रिस्ती घरातली, दोन पिढ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गाणाऱ्यांची पोर. ती गायला उभी राहिली आणि भोंगा कुईकुई करायला लागला. गाणं थांबवून ती सरळ पेटीपाशी आली आणि म्हणाली, "तुमचा भोंगा माह्या आवाजाची चटणी करून राह्यला." उकंडराव तिथंच गार झाला. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी यथाशक्ती तोंडं वाकडी केली आणि लग्न झालं. लग्नाच्या आधी ती त्याला एवढंच बोलली, "मी तुमाले देवळात ओढत नेणार नाही. देवानं हाक मारली का या."

इथंच बाईचं चुकलं. हाक आली की या, असं उकंडरावला सांगणं म्हणजे म्हशीला डबक्यात बसवून, वाटलं तर ऊठ, असं म्हणणं.

त्या वेळचे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, होते अमरसिंग. तांड्यावरचा माणूस, छाती अशी की माइक नसला तरी चाललं असतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सभेत ते गरजले, "जग बनवायच्या आधीच देवानं आपली माणसं निवडून ठेवली! तुमी काही चांगलं केलं म्हणून नाही! तुमी तवा होतेच कुठं?" उकंडरावचा हात बटणावर थबकला. अरे बाप्पा, हे तर आपलं सूप! हा माणूस तर आपल्याच उकंड्याची गोष्ट सांगून राह्यला! त्याच्या डोळ्याला पाणी आलं. त्यानं आवाज दोन घरं वाढवून दिला आणि ठरवून टाकलं, आपण सुपात बसायचं. ज्याला उचलायचं तो येऊन उचलेल.

आता सभेची रीत अशी, की शेवटच्या दिवशी पाळक म्हणतात, ज्यांना देवाची हाक आली असं वाटतं त्यांनी पुढं यावं. मग मागच्या रांगांतून माणसं उठतात, कोणी डोळे पुसत, कोणी मान खाली घालून, आणि स्टेजपाशी येऊन गुडघे टेकतात. उकंडराव स्टेजपाशीच. त्याच्या पुढं फक्त स्टेज, आणि स्टेजवर बसायला अध्यक्ष असावं लागतं. बायकांच्या बाजूनं रुख्मिणी दरसाल त्याच्याकडे बघायची आणि घरी गेल्यावर दरसाल तेच भांडण व्हायचं.

"काहून नाही उठले?"

"उठून जाऊ कुठं? मी तं पुढंच बसेल आहो!"

मुलगी झाली, तिचं लग्न झालं, भोंगे जाऊन काळे बॉक्स आले. उकंडराव काही सुपातून उतरला नाही.

पुढं अमरसिंग निवृत्त झाले आणि नरेंद्र पाळक आले. तरुण, चष्मेवाले, मोटारसायकलवर फिरणारे. त्यांच्या पहिल्याच सभेत ते म्हणाले, "देव हाक मारतो, पण ओ तुम्हीच द्यायची. तो कोणाची मानगूट धरून स्वर्गात नेत नाही." उकंडरावनं लगेच आवाज कमी केला. सभा संपल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "पाळकसाहेब, उकंड्यावरचं पोट्टं उठून म्हणते का, मी तयार आहो, उचला आता?"

"काका, तुम्ही पोट्टं नाही. साठी आली तुमची."

"देवापुढं का साठी न का सत्तरी!"

हे अमरसिंगांच्या कानावर गेलं. निवृत्त माणसाला रिकामपण फार. दुसऱ्या सभेच्या वेळी मांडव उभा राहत असतानाच ते काठी टेकत हजर झाले. "नरेंद्र, उकंडभौचं बरोबर हाय. कृपा म्हणजे कृपा. त्याच्यात आपली मेहनत मिसळली का ती मजुरी झाली."

"साहेब, मग देव काय बाहुल्या खेळून राह्यला का? हो म्हणायला माणूस नको?"

"हो म्हणायचं बळ कोण देते?"

"दिलेलं बळ वापरायचं कोणी?"

उकंडरावनं एका पाळकाच्या हातात मांडवाच्या खांबाची एक बल्ली दिली, दुसऱ्याच्या हातात दुसरी. वाद तापला की दोघंही बल्ली घट्ट धरायचे. अख्खा मांडव त्या दिवशी तसाच उभा राहिला, आणि वाद जिथं होता तिथंच. पुढच्या सालीही उकंडरावनं तेच केलं. मजूर सांगणं त्यानं सोडूनच दिलं.

यंदा मात्र गोष्ट हसण्यावारी नेता येईना. रुख्मिणीला दोन पायऱ्या चढल्या की दम लागायला लागला. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल, या वयात सांगता येत नाही. तारीख मिळाली ती सभा संपल्याच्या लगेच नंतरची. घरी आल्यावर रुख्मिणी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली. मग म्हणाली, "मी मरायले भेत नाही."

"मग झालं तं."

"पण मी तिकडं गेली न तुमी आलेच नाही, तं मी भांडू कोणासंग? तिथं सारे चांगलेच लोक राह्यतीन."

उकंडरावला तिथल्या तिथं हो म्हणावंसं वाटलं. पण या माणसात एक वेडा खरेपणा होता, तो आडवा आला. "रुख्मिणे, तुह्यासाठी हो म्हनलं तं ते तुले म्हनलं होईन. त्याले नाही. हाक आलीच नाही न ओ दिली, तं ते नाटक नाही का?"

"मग आली का नाही, ते ठरवा एकदाचं. ऑपरेशनच्या आधी. मले कळू तं द्या, मी एकटी चालली का दुकटी."

ती रात्र दोघांनीही कूस बदलत काढली. सकाळी उकंडरावनं जो निर्णय घेतला, तो वऱ्हाडी माणसालाच सुचू शकतो. बांधाचा वाद असला का माणूस काय करतो? मोक्यावर, त्या जागेवरच, जातो. पंच नेतो. मग आत्म्याच्या तारणाचा वाद असला म्हणून काय झालं? त्यानं मंडपाचा टेम्पो काढला, पुढं रुख्मिणीला बसवलं, मागं गाद्यांच्या गठ्ठ्यावर दोन्ही पाळकांना चढवलं, आणि मंगरूळपीर ओलांडून कामरगावच्या अंगाला असलेल्या आपल्या जन्मगावी, गुंफामायच्या उकंड्यावर, सगळी मंडळी नेऊन उतरवली. रस्त्याभर मागून आवाज येत होता. अमरसिंग म्हणत होते, आपण आज चाललो हेही आधीच ठरलेलं. नरेंद्र म्हणत होते, मग टेम्पोचं डिझेल काहून भरावं लागलं?

गुंफाबाई गुरांच्या कोठ्याच्या बाजूला उन्हात बाजेवर बसलेली. ऐंशी कधीच ओलांडलेली, दात गेलेले, कान गेलेले, डोळे मात्र घारीचे. उकंडरावनं पाया पडून तिच्या कानात ओरडून सांगितलं, "माय, तू मले कसं उचललं, ते या लोकायले दाखवाचं हाय!" तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तोवर गाव जमा झालं होतं. कोणी सूप आणलं. लेकरू कोणी देईना, कोणती आई देईल! शेवटी एकानं घरून भोपळा आणला. तो सुपात घालून, वरून रुख्मिणीचा रुमाल पांघरून, उकंडरावनं स्वतःच्या हातानं आपल्याला, म्हणजे भोपळ्याला, गुंफामायच्या उकंड्यावर ठेवलं. दोन्ही पाळक दोन्ही बाजूंनी शेणात उभे राहिले. बूट भरले, पण मागं कोण हटतो!

"पाहा," उकंडराव म्हणाला, "हे पोट्टं काय करून राह्यलं? काहीच नाही. आता माय येईन, उचलीन. याच्यात पोट्ट्याची ओ कुठं हाय, सांगा!"

अमरसिंगांनी समाधानानं मान डोलावली. आणि बाजेवरून गुंफाबाई हसायला लागली. हसून हसून तिला ठसका लागला.

"तिथं नोहतं रे!"

"काय नोहतं?"

"सूप! तिथं नोहतं ठेवलं! ठेवाचं तिथंच होतं. पण तुही आत्या घेऊन आली, न धुकं असं का हात दिसे ना. तिनं ठेवलं पाटलाच्या उकंड्यावर. मी पाटी घेऊन इथं आली, पाह्यते तं काहीच नाही! पोट्टं गेलं कुठं? त्या धुक्यात साऱ्या गावचे उकंडे धुंडाळले म्या. इथं पाय, तिथं पाय, गुडघ्यापर्यंत शेण. न मंग तुवा टाहो फोडला."

उकंडरावचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी रडलो?"

"रडला? गाव उठवलं सारं! पाटलाचं डुक्कर सुपाले नाक लावून उभं होतं, ते बी पळालं. त्या आवाजावर धावत गेली मी, न उचललं."

"पण बाबा तं म्हणे, मी हासून राह्यलो होतो!"

"तुया बापाले काय ठाव? तो होता वावरात. मीच सांगतलं तसं. उकंडा चुकला असं सांगतलं असतं तं तुया मायनं तिथंच जीव टाकला असता."

दोन्ही पाळक एकाच दमात पुढं सरसावले. "आयकलं?" अमरसिंग गरजले, "बाई शोधून राह्यली होती! शोधणं आधी!" नरेंद्र चष्मा सावरत ओरडले, "पण सापडला कशानं? रडण्यानं! रडला म्हणून वाचला!" दोघंही भोपळ्यावर वाकून हातवारे करत होते. गुंफाबाईनं रुख्मिणीला खुणेनं विचारलं, हे कायले भांडून राह्यले? रुख्मिणी तिच्या कानाशी गेली. "माय, हे विचारतात, तू उचलायले निघाली म्हणून हा वाचला, का हा रडला म्हणून वाचला?"

गुंफाबाईनं दोन्ही पाळकांकडे फार दयेनं पाहिलं.

"लेकरं नाहीत का रे तुमाले?"

दोघंही भोपळ्यावरून सरळ झाले.

"मी शोधत नसती तं हा रडून रडून मेला असता. हा रडला नसता तं मी शोधून शोधून मेली असती. याच्यात भांडाचं काय हाय?" मग तिनं उकंडरावला जवळ ओढलं, हनुवटी धरली. "न तू रे पोट्ट्या? रडलास त्याचा येवढा काय डौल न येवढी काय लाज? रडनं काही काम नोहे. भूक लागली का रडाच लागते."

परतताना दोन्ही पाळक गाद्यांच्या गठ्ठ्यावर बुटांचं शेण खरवडत बसले. भोपळा रुख्मिणीनं पिशवीत घालून घेतला, संध्याकाळी त्याची भाजी केली. उकंडराव जेवला, पण चव काय होती हे त्याला सांगता आलं नसतं. आयुष्यभर ज्या शांत, शायन्या, हसऱ्या पोट्ट्याच्या भरवशावर तो बसून राहिला होता, ते पोट्टं जन्मलंच नव्हतं. जन्मलं होतं ते दुसरंच. चुकीच्या उकंड्यावर पडलेलं, डुकराला भिऊन बोंबलणारं.

सभेचा शेवटचा दिवस उजाडला. दिवेलागणीला मांडव गच्च भरला. रुख्मिणी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली, कारण तिला आता टेकल्याशिवाय बसवत नव्हतं. अमरसिंग स्टेजवरच्या मानाच्या खुर्चीत, नरेंद्र माइकपाशी. शेवटचं गाणं सुरू झालं आणि एक अघटित घडलं. उकंडराव पेटी सोडून उठला. एवढ्या वर्षांत लघवीला सुद्धा न उठलेला माणूस उठला आणि कडेकडेनं मागं चालायला लागला. हिशेब साधा होता. पुढं यायचं तर आधी मागं जायला पाहिजे.

पण हा हिशेब रुख्मिणीला कोण सांगणार? तिला दिसलं ते एवढंच, की ओ द्यायची वेळ आली आणि नवरा मांडवाच्या बाहेर निघाला. तिनं मान खाली घातली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

उकंडराव शेवटच्या बल्लीपाशी, पाण्याच्या ड्रमाजवळ, चपलांच्या ढिगात जाऊन उभा राहिला. आता हाक आली की निघायचं. गाणं संपलं. नरेंद्र पाळकांनी तोंड उघडलं आणि बॉक्समधून एक लांब कुई निघून सगळी यंत्रणा ठप्प झाली. पेटीजवळ कोणी नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार! पाळकांचे ओठ हलत होते, हात हलत होते, मागं अक्षर पोचत नव्हतं. मधली माणसं ओरडायला लागली, आवाज नाही, आवाज नाही! आता काय करावं? पेटी दुरुस्त करायला जावं तर पुन्हा आपण पुढंच. इथं थांबावं तर हाक ऐकूच येत नाही. अख्ख्या तालुक्यात ती पेटी चालू करू शकणारा एकच माणूस होता आणि तो चपलांत उभा होता.

त्यानं रुख्मिणीकडे पाहिलं. पदराखालून तिचे खांदे हलत होते. आणि त्याला सगळं समोर दिसायला लागलं. साठ वर्षांपूर्वीचं ते धुकं, ते डुकराचं नाक, ती पाटी घेऊन धुक्यात कोणीतरी शोधत फिरणं. कोणीतरी फिरून राह्यलं आहे. आत्ता. या क्षणी. आणि आपण शायन्यासारखे गप्प बसलो आहोत! त्यानं काही ठरवलं नाही. तोंड आपोआप उघडलं.

"ओऽऽ!"

सगळा मांडव मागं वळला. स्टेजखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

"ओऽऽ! इथं आहो मी! आलो, आलो!"

आणि उकंडराव धावत निघाला, रडत, नाक गळत, आपणच धुऊन अंथरलेल्या बिछायतीवरून, पायात चपला तशाच. माणसं पाय आखडून वाट देत होती. स्टेजपाशी येऊन तो धाडकन गुडघ्यावर बसला.

नरेंद्र पाळक गोंधळून खाली वाकले. "काका, मी तर अजून हाक मारलीच नव्हती. मी विचारत होतो, आवाज काहून गेला म्हणून."

खुर्चीतून अमरसिंग म्हणाले, "मंग दुसऱ्या कोणी मारली असन." हे ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"पण ओ तर त्यांनीच..." नरेंद्र म्हणायला लागले. तेवढ्यात त्यांना बायकांच्या बाजूनं खांबाला धरत धरत उठणारी रुख्मिणी दिसली, आणि त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं. बाप्तिस्मा परवा सकाळीच देऊ, ऑपरेशनच्या आधी, एवढंच ते बोलले, आणि अमरसिंगांनीही त्याला काही फाटा फोडला नाही.

रुख्मिणी थांबत थांबत आली. छातीवर हात ठेवून दम खाल्ला. मग नवऱ्याचं नाक पदरानं पुसलं, त्याच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं, आणि त्या काढून बाजूला ठेवल्या.

"गुंफामायले निरोप धाडा कोणीतरी," ती म्हणाली. "म्हना, पोट्टं सापडलं."